शेण जास्त कधी झालं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की आता जरा हलकंफुलकं काहीतरी घे. म्हणून आजचा विषय आहे शेण. हसू नका. पुढची वीस मिनिटं आपण खरंच शेणावर बोलणार आहोत. शेण, दूध आणि एक तळं.

तळ्याचं नाव मेंडोटा. अमेरिकेत शिकागोच्या वर, उत्तरेला, विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. त्याची राजधानी मॅडिसन. या शहराला खेटून जवळपास ४० चौरस किलोमीटरचं हे तळं पसरलंय. नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षांपूर्वी इथे आलो. पहिल्याच जुलैत ऑफिसमधली पोरं म्हणाली, चल पोहायला. टॉवेल, चटई, चिवड्याचा डबा असा सगळा सरंजाम घेऊन गेलो, तर काठावर पाटी: बीच बंद. पाण्याकडे बघितलं तर कुणीतरी हिरव्या ऑइलपेंटचे डबे ओतून गेल्यासारखं दिसत होतं. वास म्हणाल, तर गटार आणि कुजलेला हिरवा चारा यांच्या मधला.

फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर घरी पाठवला. आमचं गाव कराडजवळ. घरी दोन म्हशी आणि एक जर्सी. रात्री आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, फोन आला. "हे कशानं झालं रं?" मी म्हटलं, "आबा, वरच्या अंगाला गाई लई आहेत. त्यांचं शेण पावसानं वाहून तळ्यात येतं. शेण जास्त झालंय."

आबा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "शेण कधी जास्त होतंय व्हय?"

मला काही उत्तर देता आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर उकिरड्यातली एकेक पाटी मोजून रानात टाकली, त्याच्यासाठी 'जास्त शेण' म्हणजे 'जास्त पैसे' म्हटल्यासारखं आहे. पण प्रश्न डोक्यात बसला. शेण जास्त झालं ही निसर्गात आपोआप होणारी गोष्ट नाही. ते कधीतरी घडलं असणार. म्हणजे त्याला इतिहास असणार. आजचा भाग त्या इतिहासाचा.

आधी तो हिरवा थर काय असतो ते पटकन सांगतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण ते खरं शेवाळ नाही. ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. मराठी पुस्तकांत त्यांना नील-हरित शेवाळ म्हणतात. हे जिवाणू पृथ्वीवर आपल्या कितीतरी आधीपासून आहेत आणि थोड्या प्रमाणात प्रत्येक तळ्यात असतात. त्यातल्या काहींच्या पेशीत हवेचे बारीक फुगे असतात, त्यामुळे ते वर तरंगतात आणि ऊन खातात. काही जाती थेट हवेतला नत्र वापरू शकतात. त्यांना अडवणारी मुख्य गोष्ट एकच: फॉस्फरस. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं ना, १०:२६:२६ वगैरे? त्यातला मधला आकडा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. तळ्यात एक किलो फॉस्फरस गेला तर त्यावर ५०० किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, असा इथला नेहमीचा हिशोब आहे. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृतावर घाव घालतं, आणि पाणी उकळून ते जात नाही. दरवर्षी अमेरिकेत कुठे ना कुठे असं पाणी प्यायलेली कुत्री मरतात. म्हणून ती पाटी.

आता मागे जाऊ.

इथे मुळात हो-चंक लोक राहायचे. या भागाला ते 'देजोप' म्हणतात, म्हणजे चार तळी. यहारा नावाची नदी एकामागून एक चार तळ्यांतून जाते, मेंडोटा, मोनोना, वॉबीसा, केगोन्सा, जशी माळ ओवावी तशी. १८३२ मध्ये करारावर सही घेऊन त्यांची जमीन काढून घेतली गेली आणि पुढच्या वीस वर्षांत गोऱ्या शेतकऱ्यांनी माळरान नांगरून गहू लावला. गहू म्हणजे किती? भरात असताना देशातल्या एकूण गव्हाचा सहावा हिस्सा एकट्या विस्कॉन्सिनमधून यायचा. वर्षानुवर्षं गव्हावर गहू. जमिनीत काही परत टाकायचं नाही, कारण पश्चिमेला अजून जमीन पडलेलीच होती. व्हायचं तेच झालं. जमीन दमली, गव्हावर चिंच बग नावाची कीड आली, उतारा घसरला.

इथे आपल्या गोष्टीत गाय येते, आणि ती औषध म्हणून येते.

विल्यम डेम्पस्टर होर्ड नावाचा एक पत्रकार होता. त्याने १८८५ मध्ये 'होर्ड्स डेअरीमन' नावाचं मासिक काढलं. गावोगावी फिरून त्याचं एकच पालुपद: गहू जमीन खातो, गाय जमिनीला परत देते. गव्हाच्या शेतकऱ्याला गाय पाळणं कमीपणाचं वाटायचं, बायकांचं काम वाटायचं. होर्ड त्यांच्याशी भांडला. पुढे १८८९ मध्ये तो चक्क राज्याचा गव्हर्नर झाला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. उताराच्या जमिनीवर गवत-चारा लावा, गाई ठेवा, शेण रानात टाका, रान सुधारतं. आबांनी त्याला चहा पाजला असता.

दुसरा माणूस स्टीफन बॅबकॉक. मॅडिसनच्या विद्यापीठात तो १८८८ मध्ये आला. त्या काळी चीज फॅक्टरीत दूध वजनावर घ्यायचे. मग काय, पाणी घाला, मलई काढून घ्या, पैसे तेवढेच. प्रामाणिक शेतकऱ्याचं नुकसान. बॅबकॉकने १८९० मध्ये एक सोपी चाचणी काढली: दुधात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, बाटल्या चाकात लावून गरगर फिरवायच्या, फॅट वर मानेत येते, आकडा वाचायचा. त्याने पेटंट घेतलं नाही. आपल्याकडे गर्बरची पद्धत जास्त चालली आणि आता तर यंत्रं आली, पण सकाळी डेअरीत कॅन ठेवला की जो पहिला प्रश्न येतो, "फॅट किती लागली?", त्या प्रश्नामागची कल्पना हीच. दुधाची किंमत अंगठ्यावर नाही, मापावर ठरायला लागली, आणि दूध हा भरवशाचा धंदा झाला. विस्कॉन्सिन दुधाचं राज्य झालं. १९४० पासून इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'अमेरिकाज डेअरीलँड' असं छापलेलं असतं. आजही.

आता गंमत बघा. हे विद्यापीठ मेंडोटाच्या अगदी काठावर आहे. बॅबकॉक बाटल्या फिरवत होता त्याच आवारात एडवर्ड बर्ज नावाचा दुसरा प्राध्यापक होडी घेऊन तळ्यात जायचा. तो १८७५ मध्ये आला होता. तळ्यातल्या सूक्ष्म जिवांवर, त्यातही पाणपिसूवर, त्याचा जीव. पुढे चॅन्सी जुडे त्याला येऊन मिळाला. तळ्यात किती खोलीवर किती तापमान, किती ऑक्सिजन, हे दोघं वर्षानुवर्षं मोजत राहिले. अमेरिकेतलं तळ्यांचं शास्त्र, लिम्नॉलॉजी, इथे या काठावर उभं राहिलं. म्हणजे दूधधंदा वाढवणारं विज्ञान आणि त्या धंद्याचा तळ्यावर काय परिणाम होतो हे मोजणारं विज्ञान, दोन्ही एकाच आवारात वाढली. बराच काळ त्यांना एकमेकांशी बोलायचं काही कारणच पडलं नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हिरवा थर तेव्हाही यायचा. विल्यम ट्रिलीझ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मॅडिसनच्या तळ्यांच्या 'वर्किंग'वर लेख छापला. वर्किंग म्हणजे बिअर आंबवताना फसफसते, तसं. आपण म्हटलं असतं, तळं आंबलंय. तेव्हा नांगरलेल्या रानाची माती वाहून येत होती आणि शहराची घाण तळ्यात सोडली जायची. म्हणजे सगळं पाप गाईच्या माथी मारणं बरोबर नाही.

पुढची साठ-सत्तर वर्षं सगळ्यांचं लक्ष शहराच्या सांडपाण्याकडे होतं, आणि ते रास्तच होतं. मॅडिसनचं सांडपाणी खालच्या मोनोना तळ्यात जायचं. १९२०च्या दशकापासून त्या तळ्यात होडीतून मोरचूद फवारायचे, टनांनी. हो, तोच मोरचूद जो आपण द्राक्षबागेत बोर्डोमध्ये घालतो. शेवाळ मरायचं, पुन्हा यायचं. मग सांडपाण्याचा निचरा त्याच्या खालच्या वॉबीसा तळ्यात वळवला. तिथे बोंबाबोंब झाली. शेवटी १९५८ मध्ये पाट काढून ते पाणी सगळ्या तळ्यांना वळसा घालून पार पलीकडच्या ओढ्यात सोडलं. मेंडोटाच्या वरच्या बाजूला जी छोटी गावं होती, त्यांचं सांडपाणीही १९७१ मध्ये असंच वळवलं.

सगळ्यांना वाटलं, आता मेंडोटा निवळणार. बग सापडला, फिक्स केला, डिप्लॉय केला.

थोडा फरक पडला. पण हिरवा थर येतच राहिला. आणि आता नळकांडं दाखवून "हे बघा, इथून येतंय" म्हणायची सोय उरली नव्हती.

इथे आबांच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. शेण जास्त कधी झालं? माझं उत्तर: दुसऱ्या महायुद्धानंतर.

त्याआधी गोठा म्हणजे एक चक्र होतं. रानात चारा, चारा गाईच्या पोटात, शेण परत रानात. त्या चक्रातून बाहेर जायचं ते फक्त दूध. स्फुरद इकडून तिकडे फिरत राहायचा. होर्डची गाय ती ही. आमच्या घरची जर्सी पण बऱ्याच अंशी हीच.

१९४५ नंतर या चक्राला दोन नवे दरवाजे फुटले, दोन्ही आत येणारे. एका दरवाज्यातून स्वस्त रासायनिक खत आलं. दुसऱ्या दरवाज्यातून विकतचं खाद्य आणि खनिज मिश्रण आलं. मका वाढवायला पोत्यातला स्फुरद, आणि तोच मका मुरघास होऊन गाईच्या पोटात, वर खुराकातला जादा स्फुरद वेगळा. गाय लवकर गाभण राहते अशा समजुतीने खुराकात तो गरजेपेक्षा जास्त घातला जायचा. पुढे मॅडिसनच्याच पशुआहार संशोधकांनी दाखवून दिलं की त्याने काही फायदा होत नाही. तो जादा स्फुरद जातो कुठे? सरळ शेणात.

आणि शेण किती? एक दुभती होल्स्टिन गाय शेण आणि मूत मिळून दिवसाला ६० किलोंहून जास्त टाकते. पाचशे गाई असतील तर दिवसाला ३० टन. हे पाटीने उचलायचं काम राहिलेलं नाही. तो पातळ काला असतो, तलावात साठवतात आणि टँकरने रानात पसरतात. पातळ, म्हणजे बहुतेक पाणीच. पाणी लांब वाहून नेणं परवडत नाही. म्हणून जवळच्या रानांना दरवर्षी मिळतं, लांबच्या रानांना पोतं.

अजून एक मेख आहे. मक्याला स्फुरदापेक्षा नत्र कितीतरी पट जास्त लागतो. शेणात मात्र दोघांचं प्रमाण त्या मानाने जवळजवळ असतं. त्यामुळे नत्राची गरज भागेल इतकं शेण टाकलं की स्फुरद आपोआप गरजेच्या दुप्पट-तिप्पट पडतो. शेतकऱ्याने काही चुकीचं केलं नाही. पिकाला बघून खत टाकलं. तरी शिल्लक राहिलंच.

१९९९ मध्ये एलेना बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेंडोटाच्या पाणलोटाचा ताळेबंद मांडला. मला हा पेपर फार आवडतो, कारण त्यात किराणा दुकानाच्या वहीसारखा हिशोब आहे. १९९५ या वर्षात पाणलोटात आलेला फॉस्फरस सुमारे १३ लाख किलो, मुख्यतः खत आणि खाद्यातून. धान्य, दूध, मांस या रूपाने बाहेर गेलेला सुमारे ७ लाख ३० हजार किलो. उरले पावणेसहा लाख किलो. एका वर्षात. आणि तळ्यात दरवर्षी सरासरी जातो साधारण ३४ हजार किलो. म्हणजे त्या उरलेल्या शंभरातले फक्त सहा तळ्यात पोचतात आणि एवढ्यावर ते हिरवंगार होतं. बाकीचे चौऱ्याण्णव कुठे आहेत?

मातीत. वर्षावर वर्ष, थरावर थर.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांना ही गोष्ट लगेच कळते. याला टेक्निकल डेट म्हणतात. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत काहीतरी लिहून गेलेला असतो, तेव्हा ते चालतंही. तो माणूस कंपनी सोडून जातो. व्याज भरतो आपण. फरक एवढाच की कोड पुन्हा लिहिता येतो. माती पुन्हा लिहिता येत नाही. विद्यापीठातले स्टीफन कारपेंटर, ज्यांना २०११ मध्ये स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं, त्यांनी २००५ मध्ये गणिती मॉडेल मांडून हेच दाखवलं. शेतातला हा साठा इतका सावकाश झिरपत राहतो की नवीन खत कमी केलं तरी तळं पिढ्यान् पिढ्या हिरवं राहू शकतं. म्हणजे आज जी बीचवर पाटी लागते, ती आजच्या शेतकऱ्यासाठी नाही. त्याच्या आजोबांनी सल्ला ऐकून टाकलेल्या खतासाठी आहे.

आणि ही माती रोज थोडी थोडी वाहत नाही. कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी रोजच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की वर्षभरातला ७४ टक्के फॉस्फरस सरासरी फक्त २९ दिवसांत येतो. २९ दिवस! जोराचा पाऊस आणि बर्फ वितळण्याचे दिवस. इथला हिवाळा आपल्या डोक्यात नसतो. डिसेंबर ते मार्च जमीन दगडासारखी गोठलेली. त्यावर शेण टाकलं तर ते मुरणार कुठे? तिथेच बसून राहतं, आणि मार्चमध्ये बर्फ वितळलं की सगळं ओढ्यात. मोठ्या गोठ्यांकडे साठवायला तलाव तरी असतात. साठ गाईंच्या गोठ्याला तेवढा खर्च झेपत नाही, तो रोजचं शेण रोज टाकतो. पावसाचं म्हणाल तर २० ऑगस्ट २०१८ च्या रात्री मॅडिसनच्या पश्चिमेला ११ इंचांहून जास्त पाऊस पडला. मेंडोटाची पातळी खूप वर गेली, शहरात पाणी शिरलं. असे पाऊस वाढतायत. म्हणजे तळ्याला मिळणारा हप्ता आणखी मोठ्या रकमेने येणार.

मग कायदा काय करतो? अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२चा. पाइपातून येणाऱ्या घाणीवर तो जबरदस्त चालला. पण शेतातून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या पाण्याला त्यात सूट आहे. परवाना लागतो तो मोठ्या गोठ्यांना, साधारण ७०० दुभत्या गाईंच्या वर. त्याखालच्यांशी गोडीगुलाबीने, अनुदान देऊन. मला आधी याचा राग आला होता. मग आकडे बघितले. २००४ च्या सुमारास राज्यात १५ हजारांहून जास्त डेअरी कळप होते, आता सहा हजारांहून कमी. गाई मात्र तेवढ्याच, साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे लहान शेतकरी संपत चाललेत आणि त्यांच्या गाई मोठ्या गोठ्यांत जमा होतायत. अशा वेळी साठ गाईंवाल्याला दंड लावायला जायचं म्हणजे त्याला विकायला भाग पाडायचं, आणि त्याच्या गाई जाणार त्या मोठ्या गोठ्यातच. राग कुणावर करायचा हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

शिवाय अजून एक गोष्ट आहे, जी कुणी उघड बोलत नाही. मॅडिसन पाणी पितं विहिरींचं, खोल जमिनीतलं. तळ्याचं नाही. ओहायोतल्या टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरी तळ्यातलं हे विष नळाच्या पाण्यात आलं, आणि चार लाखांहून जास्त लोकांना पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. तेव्हा देशभर गाजलं. मॅडिसनचं दुःख म्हणजे पोहणं बंद, होडी बंद, वास. दुःखच आहे, पण तहान नाही.

मध्ये एक मजेशीर वळण आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८७ च्या कडक उन्हाळ्यात तळ्यातले सिस्को नावाचे मासे मोठ्या संख्येने मेले. हे मासे पाणपिसू खातात. त्याच सुमारास शास्त्रज्ञ आणि मत्स्य विभागाने तळ्यात वॉलाय आणि पाइक हे शिकारी मासे सोडायला सुरुवात केली, म्हणजे पिसू खाणारे बारके मासे डोकं वर काढणार नाहीत. बर्जच्या लाडक्या पाणपिसूंची चैन झाली. एक मोठी जात पसरली आणि ती शेवाळ चरायला लागली. पाण्यात आलेला फॉस्फरस तेवढाच, पण पाणी निवळलं! वीसेक वर्षं हे चाललं. मग २००९ मध्ये मेंडोटात काटेरी पाणपिसू सापडली. युरोप-आशियाकडची, जहाजांच्या पाण्यातून आधी मोठ्या सरोवरांत आलेली. तिने आपल्या चरणाऱ्या पिसूंचा फडशा पाडला. पाण्यात जिथवर दिसायचं, ती खोली जवळपास एका मीटरने घटली. २०१६ च्या एका अभ्यासाने हिशोब मांडला: ही एका कीटकाएवढ्या जिवाने केलेली हानी भरून काढायची तर तळ्यात येणारा फॉस्फरस ७१ टक्के कमी करावा लागेल, आणि त्याला ८ कोटी ६५ लाख ते १६ कोटी ३० लाख डॉलर लागतील.

आता चाललंय काय? बरंच काही. गोबर गॅस, तोही अवाढव्य. वॉनाकी गावाजवळ तीन गोठ्यांचं शेण एकत्र करून वीज करणारा प्रकल्प २०११ च्या सुमारास सुरू झाला. पण गोबर गॅसमध्ये स्फुरद जळत नाही हो, आत जितका गेला तितकाच बाहेर येतो. फायदा एवढा की चोथा वेगळा काढून लांब पाठवता येतो. शेतकऱ्यांनी स्वतःचा गट केला आहे. दोन पिकांच्या मध्ये जमीन उघडी न ठेवता आच्छादन पीक लावतात, शेण वर न पसरता जमिनीत घालतात.

मला सगळ्यात हुशारीचा वाटला तो सांडपाणी विभागाचा सौदा. २०१० मध्ये राज्याने फॉस्फरसची मर्यादा कडक केली. ती पाळायला शुद्धीकरण केंद्राला नवीन यंत्रणा बसवायला प्रचंड खर्च येणार होता. त्यांनी म्हटलं, तोच पैसा वरच्या शेतकऱ्यांना देऊ, त्यांनी स्फुरद अडवला तर तो स्वस्तात पडतो. २०१२ पासून प्रयोग झाला, मग पूर्ण योजना, वीस वर्षांची. शहरातला माणूस संडासाचं बिल भरतो, त्यातले काही पैसे गोठ्याकडे जातात.

आणि गाळ. २०१७ मध्ये काउंटीने जाहीर केलं की मेंडोटाला मिळणाऱ्या ५३ किलोमीटर ओढ्यांच्या तळाशी जो गाळ आहे, त्यात सुमारे ३ लाख ९५ हजार किलो फॉस्फरस अडकून बसलाय. त्यातला काही गाळ शंभराहून जास्त वर्षांचा. वरून एक थेंब शेण नाही आलं, तरी हा गाळ वर्षानुवर्षं विरघळत राहणार. म्हणून तो पंपाने उपसायचं काम काढलं. त्या गाळात होर्डच्या काळची माती आहे, ट्रिलीझने लेख लिहिला तेव्हाची आहे.

या सगळ्याची उजळणी करून मागच्या रविवारी आबांना फोन लावला. पहिल्यापासून सांगितलं. गहू, होर्ड, दोन दरवाजे, पावणेसहा लाख किलो. ते शांतपणे ऐकत होते, मध्येच "हं" म्हणत होते.

"म्हंजी शेण जास्त नाय झालं," आबा म्हणाले. "रान कमी पडलं."

मी वर्षभर पेपर वाचून जे वीस मिनिटांत सांगितलं, ते त्यांनी एका वाक्यात गुंडाळलं. मी म्हटलं, बरोबर आहे आबा, तेवढ्या गाईंना तेवढं रान नाही.

"आन् खाली तळं निवळायला पैसं लागत्यात, ते दुधाच्या दरात धरत्यात का?"

"नाही."

"मग दूध स्वस्त पडणारच की."

थोडा वेळ शांतता. मागे म्हैस ओरडत होती, आई कुणाला तरी वैरण टाक म्हणत होती. मग आबांनी खरा प्रश्न विचारला.

"फॅट किती लागती रं त्या गाईंची?"

"चारच्या आसपास."

"चार!" आबा खूश झाले. "आपल्या म्हशीची आज साडेसात लागलीया."

चला मंडळी, आजच्या पुरतं इतकंच. तुमच्या गावाकडे गोठ्यातलं शेण कुठे जातं, ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.